ब्रूस्टर काउंटीत बिऱ्हाड थाटताना

टेक्सासच्या पश्चिम भागात, मेक्सिकोच्या सीमेला लागून ब्रूस्टर काउंटी आहे. क्षेत्रफळ सुमारे १६,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याहून थोडं जास्तच. लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत ९,५४६. पुणे जिल्ह्यात २०११ सालीच ९४ लाखांवर माणसं होती. टेक्सासच्या २५४ काउंट्यांत ही आकाराने सगळ्यात मोठी.

सुल रॉस विद्यापीठात शिकवायला, आल्पाइनच्या दवाखान्यात नोकरीला किंवा एखादं मोटेल चालवायला घेऊन मराठी कुटुंब इथे आलं, तर पहिले काही महिने दोन गोष्टींत जातात. कुठलं काम कुठल्या कचेरीत होतं ते कळत नाही, आणि कळेपर्यंत गाडीचं पेट्रोल जळत राहतं. ह्यूस्टन-डॅलसच्या मित्रांना विचारून उपयोग नसतो, कारण त्यांचं सगळं ऑनलाइन किंवा दहा मिनिटांच्या अंतरावर असतं. इथे चुकीच्या खिडकीवर गेलात तर दिवस गेला. म्हणून कामं ज्या क्रमाने समोर येतात साधारण त्याच क्रमाने हे लिहितो आहे.

आधी नकाशा

फोनवरचा नकाशा पुरणार नाही. कागदी घ्या किंवा ऑफलाइन उतरवून ठेवा, कारण दक्षिण भागात मैलोन् मैल सिग्नल नाही. नदीकाठी तर फोन कधीकधी मेक्सिकोचा टॉवर पकडतो आणि रोमिंगचं बिल येतं.

वर उत्तरेला आल्पाइन, काउंटीचं मुख्यालय. उंची सुमारे ४,५०० फूट, जवळजवळ महाबळेश्वरइतकी, त्यामुळे उन्हाळ्यातही संध्याकाळी बाहेर बसता येतं. आल्पाइनच्या पूर्वेला ३० मैलांवर मॅरेथॉन. आल्पाइनहून हायवे ११८ ने सरळ दक्षिणेला ८० मैल गेलात की स्टूडी ब्यूट आणि टर्लिंग्वा, तिथून पश्चिमेला लाहीतास. हे झालं सगळं. बाकी चिवावा वाळवंट, रँच, आणि खाली रिओ ग्रांदे नदी, जिच्या पलीकडे मेक्सिको. नदीकाठ काही ठिकाणी जेमतेम १,८०० फुटांवर आणि चिसोस डोंगरातलं एमरी शिखर ७,८२५ फुटांवर. एकाच दिवशी टर्लिंग्वात अंगाची लाही होत असते आणि चिसोसच्या झाडीत स्वेटर लागतो.

पाऊस इथेही जुलै ते सप्टेंबरच. पण आपल्यासारखी संततधार नाही, दुपारी गडगडाट होऊन एकदम कोसळतो. तो डोंगरात पडतो आणि पाणी तासाभराने कोरड्या ओढ्यातून रस्त्यावर येतं. तुमच्या डोक्यावर स्वच्छ ऊन असतं. रस्ता जिथे ओढ्यात उतरतो तिथे पाण्याची खोली दाखवणारी पट्टी उभी केलेली असते. पाणी दिसलं की थांबा. अर्ध्या-एक तासात उतरतं, आणि इथल्या माणसांनाही थांबायचीच सवय आहे.

जवळचा मोठा विमानतळ मिडलंडचा, सुमारे १५० मैल. एल पासो २०० मैलांच्याही पलीकडे. ॲमट्रॅकची सनसेट लिमिटेड ही रेल्वेगाडी आल्पाइनला थांबते, पण आठवड्यातून तीनच दिवस, आणि वेळेवर येईल या भरवशावर पाहुण्यांच्या जेवणाचा बेत आखू नका. मिडलंड किंवा एल पासोला गेलातच तर डाळ-तांदूळ-मसाले दोन-तीन महिन्यांचे भरून आणा.

इथे जिल्हाधिकारी नाही

आपल्या डोक्यात जिल्हा म्हटलं की कलेक्टर येतो. सगळ्या वाटा शेवटी त्याच्या कचेरीत जातात. काउंटीत असा माणूसच नाही. काउंटी जज आहे, शेरीफ (काउंटीचा पोलीसप्रमुख) आहे, काउंटी क्लार्क आहे, टॅक्स असेसर-कलेक्टर आहे (नावात कलेक्टर असला तरी तो कर गोळा करणारा), आणि यातला जवळजवळ प्रत्येक जण चार वर्षांसाठी मतदारांनी निवडून दिलेला. कुणी कुणाचा साहेब नाही. शेरीफच्या माणसाची तक्रार घेऊन काउंटी जजकडे गेलात तर तो ऐकून घेईल, पण शेरीफ त्याचा ताबेदार नाही.

एकत्र कारभार चालतो तो कमिशनर्स कोर्टात. नावात कोर्ट असलं तरी तिथे खटले चालत नाहीत. काउंटी जज अध्यक्ष, आणि चार प्रिसिंक्टांतून, म्हणजे काउंटीच्या चार विभागांतून, निवडून आलेले चार कमिशनर. आपल्या जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीसारखं समजा: अंदाजपत्रक, काउंटीचे रस्ते, कराचा दर, इमारती. काउंटी जज वकील असलाच पाहिजे अशी अट नाही, कायद्याची चांगली माहिती असावी एवढंच टेक्सासची राज्यघटना म्हणते. तरी वारसाहक्काची आणि काही किरकोळ प्रकरणं त्याच्यापुढे चालतात. मोठे दिवाणी-फौजदारी खटले डिस्ट्रिक्ट कोर्टाकडे. ब्रूस्टर ३९४ व्या न्यायिक जिल्ह्यात येते, आणि तोच न्यायाधीश शेजारच्या आणखी चार काउंट्याही सांभाळतो. म्हणून तारखा रोजच्या रोज नसतात.

आता कुणाचा अंमल कुठे. संपूर्ण काउंटीत नगरपालिका असलेलं शहर एकच, आल्पाइन. तिथे मेयर, नगर परिषद, स्वतःचे पोलीस. मॅरेथॉन, टर्लिंग्वा, स्टूडी ब्यूट, लाहीतास यांना स्वतःचं सरकार नाही, ती थेट काउंटीखाली. लाहीतासचा मेयर म्हणून एक बिअर पिणारा बोकड प्रसिद्ध आहे. क्ले हेन्री त्याचं नाव, आणि त्याच्या गादीवर पुढेही बोकडच आले. गंमत गंमत म्हणून ठीक, पण रस्त्यातल्या खड्ड्याची तक्रार बोकडाकडे करता येत नाही. ती तुमच्या प्रिसिंक्टच्या कमिशनरकडे, तीही रस्ता काउंटीचा असेल तर. हायवे राज्याचे, आणि रँचमधल्या बऱ्याच मातीच्या वाटा खासगी.

शिवाय काउंटीच्या साधारण पाचव्या हिश्श्यावर बिग बेंड राष्ट्रीय उद्यान पसरलेलं आहे. १२ जून १९४४ पासूनचं, आठ लाख एकरांचं. ती जमीन केंद्र सरकारची. तिथे रेंजरचा हुकूम चालतो आणि काउंटीला त्या जमिनीवर मालमत्ता कर लावता येत नाही. एवढी मोठी काउंटी, मग तिजोरी एवढी लहान का, याचं थोडं उत्तर त्यात आहे.

कोर्टहाउसची इमारत

आल्पाइनला अव्हेन्यू ई वर विटांची जुनी इमारत दिसेल, शेजारी जुना तुरुंग. बांधकाम १८८७-८८ चं. काउंटीच मुळी १८८७ ची: तोवर हा सगळा मुलूख प्रेसिडिओ काउंटीत होता. आल्पाइनला तेव्हा मर्फीव्हिल म्हणत. त्याच वेळी कागदावर बुकेल आणि फोली अशा आणखी दोन काउंट्या कोरल्या गेल्या होत्या. माणसंच नव्हती, त्यामुळे त्या कधी उभ्याच राहिल्या नाहीत, आणि १८९७ साली ब्रूस्टरमध्ये विलीन झाल्या. जमिनीच्या जुन्या कागदात बुकेल किंवा फोली काउंटी दिसली तर दचकू नका, ती हीच जमीन.

सगळ्या कचेऱ्या मुख्य इमारतीत नाहीत, काही शेजारपाजारच्या इमारतींत आहेत. दुपारी जेवणाच्या वेळी खिडकी बंद असू शकते. टर्लिंग्वाहून निघायच्या आधी फोन करा, दोन गोष्टी विचारा: अधिकृत माणूस आज आहे का, आणि पैसे कार्डाने घेता की चेकने. फोन उचलणारी व्यक्तीच बहुतेक वेळा तुमचं काम करणारी असते. मोठ्या शहराच्या मानाने हे सुख आहे.

कुठल्या खिडकीवर काय

काउंटी क्लार्क म्हणजे आपला दुय्यम निबंधक आणि जन्म-मृत्यू नोंदणी एकत्र. खरेदीखत नोंदवणं, मॅरेज लायसन्स, जन्म-मृत्यूचे दाखले, आणि दुकान किंवा मोटेल वेगळ्या नावाने चालवायचं असेल तर त्या नावाची नोंद. लग्न इथेच करणार असाल तर लायसन्स मिळाल्यावर ७२ तास थांबावं लागतं आणि ९० दिवसांत लग्न लावावं लागतं. मुहूर्त काढताना गुरुजींना हे आधी सांगा. बाळाच्या ओसीआय कार्डासाठी (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्यांचं कार्ड) जन्मदाखल्यावर ॲपोस्टिल, म्हणजे दाखला परदेशात चालावा यासाठीचं प्रमाणपत्र, हवं असेल तर ते काउंटीत होत नाही, ऑस्टिनला सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयात पाठवावं लागतं.

डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे डिस्ट्रिक्ट कोर्टाची कागदपत्रं, घटस्फोट, मोठे दावे.

जस्टिस ऑफ द पीस, बोलताना सगळे जेपी म्हणतात. वेगाचा दंड, भाडेकरूला घराबाहेर काढण्याचे दावे, २०,००० डॉलरपर्यंतच्या पैशाच्या तक्रारी इथे. ज्या काउंटीत सरकारी मेडिकल एक्झॅमिनर नाही तिथे अपघाती मृत्यूची चौकशीही जेपीच करतो. डॉक्टर म्हणून आला असाल तर ही ओळख लवकरच होईल.

टॅक्स असेसर-कलेक्टरकडे गाडीची नोंदणी आणि मालमत्ता कराचा भरणा. मालमत्तेची किंमत मात्र इथे ठरत नाही. ते काम ॲप्रेझल डिस्ट्रिक्टचं, आणि ती स्वतंत्र संस्था आहे. घराची किंमत जास्त लावली म्हणून टॅक्सच्या खिडकीवर वाद घालण्यात अर्थ नाही, तिथल्या बाईंच्या हातात काही नसतं.

पहिले नव्वद दिवस

दुसऱ्या राज्यातून गाडी घेऊन आलात तर ३० दिवसांत तिची टेक्सासमध्ये नोंदणी हवी. आधी टेक्सासमध्ये चालेल असा विमा काढा, मग जुन्या राज्याचे कागद, ओळखपत्र आणि १३०-यू हा अर्ज घेऊन टॅक्स ऑफिसात जा. नव्या रहिवाशाचा कर ९० डॉलर, नोंदणीची फी वेगळी. खासगी गाड्यांची दर वर्षीची सेफ्टी तपासणी १ जानेवारी २०२५ पासून बंद झाली आहे, त्यामुळे जुनी माहिती वाचून गॅरेज शोधत बसू नका.

ड्रायव्हिंग लायसन्स ९० दिवसांत. ते काउंटी देत नाही, राज्याचं डीपीएस (सार्वजनिक सुरक्षा) खातं देतं, आणि त्याची वेळ ऑनलाइन घ्यावी लागते. भारतातलं लायसन्स बदलून मिळत नाही, लेखी आणि रस्त्यावरची अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. व्हिसावर असाल तर लायसन्सची मुदत तुमच्या कागदांच्या मुदतीइतकीच.

लायसन्सच्या अर्जातच एक प्रश्न असतो: मतदार म्हणून नोंदणी करायची आहे का? एच-१बी असो, ग्रीन कार्ड असो, नागरिक नसाल तर उत्तर ठामपणे नाही. खिडकीमागचा माणूस सवयीने विचारतो, आपण सवयीने मान हलवतो, आणि पुढे नागरिकत्वाच्या वेळी ते प्रकरण अंगाशी येतं. ज्युरीचं बोलावणं घरी आलं तरी तसंच. फेकून देऊ नका, नागरिक नाही या रकान्यावर खूण करून परत पाठवा.

चेकपोस्ट

टर्लिंग्वाहून आल्पाइनला येताना हायवे ११८ वर, आणि उद्यानातून मॅरेथॉनकडे येताना हायवे ३८५ वर बॉर्डर पेट्रोलची चौकी लागते. तुम्ही सीमा ओलांडलेली नसते, तरी गाडी थांबवतात. काच खाली घ्या, गॉगल काढा. प्रश्न साधा असतो: तुम्ही अमेरिकन नागरिक आहात का? नसाल तर तसं सांगायचं आणि कागद दाखवायचे. ग्रीन कार्ड असेल तर ते. व्हिसावर असाल तर पासपोर्ट आणि आय-९४ ची (देशात आल्याच्या नोंदीची) प्रत. अठरा वर्षांवरील परदेशी व्यक्तीने हे कागद जवळ बाळगावेत असा कायदाच आहे. मागच्या सीटवर आई बसलेली असते, सहा महिन्यांसाठी आलेली, आणि तिचा पासपोर्ट घरी कपाटात. हे हमखास घडतं, कारण आपण तर नुसते डोंगर बघायला गेलो होतो. पाहुण्यांचे पासपोर्ट या बाजूला निघताना गाडीत हवेतच.

बोकियासला नदी ओलांडून मेक्सिकोत जेवून येता येतं, २०१३ पासून ते सीमेवरचं नाकं पुन्हा सुरू आहे. पण व्हिसावरच्या माणसाने आधी दोन्ही देशांचे नियम बघावेत, आणि नाकं आठवड्याचे सगळे दिवस उघडं नसतं हेही.

स्वस्त जमिनीचा मोह

ऑनलाइन जाहिरात दिसते: बिग बेंडजवळ पाच एकर, महिन्याचा हप्ता नाममात्र, चांदण्यांचा फोटो. आपला माणूस शेतजमिनीच्या नावाने हळवा होतो. घेऊ नका असं म्हणत नाही, पण खिशात हात घालण्याआधी खालची चौकशी करा.

रस्ता. प्लॉट नकाशावर असतो, तिथपर्यंतची वाट दुसऱ्याच्या जमिनीतून जाते. त्या वाटेचा हक्क काउंटी क्लार्ककडे लेखी नोंदवलेला आहे का? विकणाऱ्याचं ‘सगळे जातात इथून’ हे उत्तर पुरेसं नाही.

पाणी. टर्लिंग्वा भागात अनेक घरं पत्र्यावरचं पावसाचं पाणी टाकीत साठवून किंवा टँकर मागवून राहतात. बोअर घ्यायची तर आधी ब्रूस्टर काउंटी ग्राउंडवॉटर कॉन्झर्व्हेशन डिस्ट्रिक्टकडे विचारणा. पाणी लागेल याची खात्री ते देत नाहीत, कुणीच देत नाही. सेप्टिक टाकीचा परवाना लागतो का तेही काउंटीला आधीच विचारून घ्या, घर बांधून झाल्यावर नव्हे.

मालकी. इथे सातबारा नाही. सरकार कुणाला मालक म्हणून जाहीर करत नाही, क्लार्क फक्त आलेला दस्त नोंदवून घेतो. आधीच्या मालकांची साखळी तपासण्याचं काम टायटल कंपनी करते आणि त्याचा विमा देते. टायटल विम्याशिवाय, नुसत्या स्टॅम्प मारलेल्या कागदावर व्यवहार करू नका. आणि टेक्सासमध्ये जमिनीखालच्या खनिजांचा हक्क वेगळा विकलेला असू शकतो. तसा असेल तर त्या मालकाला खनिज काढण्यासाठी तुमच्या जमिनीचा वाजवी वापर करता येतो. टर्लिंग्वा गावच पाऱ्याच्या खाणीवर उभं राहिलं होतं, तेव्हा हा मुद्दा कागदापुरता समजू नका.

शेजार. काउंटीला राज्याच्या कायद्याने दिलेले तेवढेच अधिकार असतात, आणि जमिनीच्या वापराचे नियम करणं सहसा त्यात बसत नाही. आल्पाइन शहराच्या हद्दीबाहेर शेजारी गंजक्या गाड्या रचून ठेवू लागला, तर ‘परवानगी कुणी दिली’ असं विचारायला जागा नाही. काही वसाहतींना मालक संघटनेचे स्वतःचे नियम आणि वर्गणी असते, ते खरेदीआधी वाचा.

कराचं बिल

टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही, त्याची भरपाई मालमत्ता कर करतो. बिल साधारण ऑक्टोबरात येतं. त्यावर एकच रक्कम नसते, ओळी असतात: काउंटी, शाळा जिल्हा, शहरात असाल तर शहर, आणि असतील ते इतर. सहसा सगळ्यात मोठी ओळ शाळेची. आल्पाइन, मॅरेथॉन, टर्लिंग्वा यांचे शाळा जिल्हे वेगवेगळे आहेत, शिवाय उद्यानाच्या आत पँथर जंक्शनला सान व्हिसेंते नावाची चिमुकली शाळा आहे.

३१ जानेवारी ही शेवटची तारीख. १ फेब्रुवारीला दंड-व्याज मिळून सात टक्के चढतात, आणि पुढे वाढत जातात. बिल पोचलं नाही ही सबब चालत नाही. नवं घर घेतलं असेल तर पत्ता बदलला आहे ना हे ॲप्रेझल डिस्ट्रिक्टमध्ये स्वतः पाहा. राहत्या घराची सूट आपोआप मिळत नाही, अर्ज करावा लागतो, आणि लायसन्सवरचा पत्ता त्याच घराचा हवा. म्हणून आधी लायसन्स, मग हा अर्ज. त्याची नेहमीची मुदत ३० एप्रिल. किमतीची नोटीस वसंतात येते. ती पटली नाही तर १५ मेपर्यंत किंवा नोटीस निघाल्यापासून ३० दिवसांत, यातलं जे नंतरचं असेल तोवर हरकत घेता येते. शेजारच्या घरांच्या किमती आणि गळक्या छपराचे फोटो घेऊन जा. भाषण नको, फोटो चालतात.

दिवे आणि आग

शेजारच्या जेफ डेव्हिस काउंटीत मॅकडोनाल्ड वेधशाळा आहे. तिच्या आसपासच्या काउंट्यांत बाहेरच्या दिव्यांवर निर्बंध आहेत, आणि २०२२ पासून हा सारा प्रदेश आंतरराष्ट्रीय डार्क स्काय रिझर्व्ह, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेला प्रदेश, आहे. मोटेलच्या पार्किंगला दिवे लावताना उजेड खालीच पडेल असं झाकण असलेले घ्या. दिवाळीत आकाशकंदील लावा, कुणी काही म्हणत नाही. अंगणभर फ्लडलाइट मात्र नको.

आगीचं वेगळं. कोरड्या दिवसांत कमिशनर्स कोर्ट बर्न बॅन लावतं, मग पालापाचोळा किंवा कचरा उघड्यावर जाळणं गुन्हा ठरतो. वारा असलेल्या दिवशी गवताला लागलेली आग विझवायला येणारे बहुतेक जण स्वयंसेवक असतात, आपापलं काम टाकून आलेले. बंदी आहे का ते शेरीफच्या कचेरीत फोन करून कळतं. तातडीसाठी ९११ आहेच, पण पत्ता सांगताना रँचचं नाव पुरत नाही. काउंटीने घराला दिलेला ९११ चा क्रमांक फाटकावर मोठ्या अक्षरांत लावा. टर्लिंग्वाकडे राहणार असाल तर रुग्णालय ८० मैलांवर आहे हे धरूनच घरातली औषधं भरा.

बैठकीला जा

कमिशनर्स कोर्टाची बैठक सर्वांना खुली असते. विषयपत्रिका काही दिवस आधी लावावी लागते, आणि पत्रिकेवर नसलेल्या विषयावर त्या दिवशी निर्णय घेता येत नाही. बोलायला नागरिक असण्याची गरज नाही. नाव नोंदवा, मिळतील तेवढ्या मिनिटांत रस्त्याचं नाव, मैल आणि अडचण सांगा, बसा. पत्रिकेवर नसलेल्या तुमच्या मुद्द्यावर कमिशनर लगेच काही ठरवणार नाहीत, कायद्याने ते करूच शकत नाहीत. तो विषय पुढच्या पत्रिकेवर घ्या असं तुमच्या प्रिसिंक्टच्या कमिशनरला बाहेर पडताना सांगा. कराचा दर आणि अंदाजपत्रक ऑगस्ट-सप्टेंबरात ठरतं. रस्त्याचं काम हवं असेल तर त्याआधी, जून-जुलैमध्येच त्याच्या कानावर घाला.